‘आपला पोरगा आहे सर, जाऊ द्या’

मी उमरोळीला राहतो. पालघर आणि बोईसर या दोन स्टेशनांमधले हे गाव. रोजचे किरकोळ सामान गावात मिळते, बाकीच्या खरेदीसाठी आम्ही बोईसर गाठतो. मध्यंतरी तिथल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून वह्या आणि चार्टपेपर घेतले. ३६० रुपये झाले. काउंटरवर माझाच जुना विद्यार्थी होता. मी पाचशेची नोट दिली. त्याने मागे वळून पाहिले, नोट खिशात घातली आणि त्याच खिशातून १४० रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. बिल दिले नाही. मीही मागितले नाही.

आमची नजरानजर झाली. “सर, पिशवी देऊ?” एवढेच तो म्हणाला. मी पिशवी घेतली आणि गाडी पकडली.

रात्री इशाच्या नमाजनंतर नाव न घेता ही गोष्ट चार लोकांत काढली. तीन सल्ले मिळाले. पहिला: आपला पोरगा आहे सर, जाऊ द्या, पर्दा टाका. दुसरा: शेठ तरी कुठे धुतल्या तांदळाचा आहे? तिसरा तरुणांचा: व्हिडिओ काढायला हवा होतात, दोन मिनिटांत व्हायरल झाला असता.

या तिन्ही सल्ल्यांशी माझे भांडण आहे.

मी पुन्हा त्या दुकानात गेलो तेव्हा शेठ माळ्यावरून माल काढणाऱ्या मुलाला फैलावर घेत होता. तो मुलगा जवळच्या पाड्यावरचा, वारली. “माल कमी भरतोय. पुढच्या पगारातून कापणार,” शेठ म्हणत होता. तेव्हा हिशेब माझ्या डोक्यात शिरला. बिलच झाले नाही तर रात्री गल्ला बरोबर जुळतो. कमी पडतो तो माल. मग संशय पैसे घेणाऱ्यावर जात नाही, मालाला हात लावणाऱ्यावर जातो. मी पर्दा टाकला होता माझ्या विद्यार्थ्यावर, आणि त्याची किंमत दुसरेच गरीब पोर मोजणार होते.

पर्दापोशी इस्लाममध्ये आहे, हे मला कोणी शिकवू नये. माणसाची खासगी चूक चव्हाट्यावर मांडू नये, हे खरेच. पण दुसऱ्याचा हक्क मारला जात असेल तर ते प्रकरण खासगी राहत नाही, तो हक्कुल इबादचा प्रश्न होतो. सूरह निसाच्या १०५व्या आयतीपासून पुढे जे येते, त्याची पार्श्वभूमी तफसीरकारांनी दिली आहे. एका रिवायतीनुसार, मदिनेतल्या तुअमा बिन उबैरिकने चिलखत चोरले आणि आळ एका यहुदी माणसावर ढकलला. कबिल्याचे लोक ‘आपला माणूस’ म्हणून तुअमाची वकिली करायला पैगंबर साहेबांकडे (स.) गेले. वही उतरली ती यहुदी माणसाला निर्दोष ठरवणारी. त्याच सूरहच्या १३५व्या आयतीत स्वतःच्या, आईबापाच्या, नातेवाइकांच्या विरोधात जात असली तरी खरी साक्ष द्या, असा हुकूम आहे. जुम्याला हे ऐकून माना डोलवायच्या आणि बोईसरच्या दुकानात ‘आपला पोरगा’ म्हणायचे, हे कसे चालेल?

दुसरा सल्ला मात्र पूर्ण चुकीचा नाही. मुवत्ता इमाम मालिकमध्ये एक प्रसंग आहे. हातिबच्या गुलामांनी मुझैना कबिल्यातल्या माणसाची उंटीण चोरून कापली. हजरत उमर (रजि.) यांनी आधी शिक्षेचा हुकूम दिला, मग मालकालाच म्हणाले की, तू यांना उपाशी ठेवतोस असे मला वाटते. उंटिणीची किंमत ४०० दिरहम होती. मालकाला ८०० भरायला लावले. म्हणजे नोकराची चोरी तपासताना मालकाचाही हिशेब मागायचा. पण हिशेब मागणे वेगळे आणि त्या नावाखाली नोट खिशात घालणे वेगळे. शेठ पगार कमी देत असेल तर ते शेठला तोंडावर सांगा, आपण चार जणांनी जाऊन सांगू. चोरीने पगारवाढ होत नाही, फक्त माळ्यावरच्या पोराचा पगार कापला जातो.

आणि व्हिडिओवाल्यांना एक गोष्ट विचारतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. साध्या चोरीत रक्कम पाच हजारांच्या आत, गुन्हा पहिला आणि वस्तू परत केली तर समाजसेवेची शिक्षा आहे. ती सवलत कलम ३०६ मध्ये नाही. कायदा एवढा कडक असताना वर मोबाइलवर त्याच्या आईबापाचीही धिंड काढायची? ती साक्ष नव्हे, तमाशा आहे.

मी काय केले ते सांगतो. मुलाला दुकानाबाहेर बोलावले. म्हणालो, “शुक्रवारपर्यंत शेठला तू सांग. नाहीतर मी सांगेन. त्या पोराचा पगार कापला जाता कामा नये.” तो रडला. गुरुवारी त्याने सांगितले. शेठने पोलिसांत दिले नाही, पैसे त्याच्या पगारातून वळते करून त्याला कामावरून काढले. मी शेठलाही जाऊन बोललो की, पुराव्याशिवाय पगार कापायची धमकी देणे हाही जुलूमच आहे. त्याला ते आवडले नाही, पण पाड्यावरच्या मुलाचा पगार पूर्ण मिळाला.

मुलाचे वडील घरी आले. “सर, तुम्ही आपले असून असं केलंत?” माझ्याकडे त्यांना बरे वाटेल असे उत्तर नव्हते. मुलगा अजून सलाम करत नाही. त्याच्यासाठी दुसरे काम शोधतो आहे. तेही माझ्यावर आहे असे मी मानतो.

माझा स्वतःचा गुन्हाही लिहून ठेवतो. जीएसटीत नोंदणी असलेल्या दुकानदाराला २०० रुपये किंवा त्याहून जास्त विक्रीचे बिल द्यावेच लागते. मी ३६० रुपये मोजले आणि बिल मागितले नाही. मागितले असते तर ती नोट बहुतेक गल्ल्यात गेली असती. तेव्हा बिल मागा, विशेषतः काउंटरवर आपला पोरगा असेल तेव्हा.