दृष्टीआडच्या सृष्टीविषयी

आमच्या दिग्गी गावच्या ज्या वृद्ध मास्तरांनी मला मराठी अक्षरे गिरवायला शिकवली आणि ज्यांच्याविषयीचा माझा आदर आजही यत्किंचितही उणावलेला नाही, त्यांचे गेल्या फाल्गुनात मला एक पत्र आले. मुंबईत हिवाळ्याच्या अखेरीस प्राइडचा जो हंगाम असतो, त्यात केवळ स्त्रियांसाठी भरलेल्या एका मेळाव्यास मी गेले होते आणि गावी परतल्यावर त्याविषयी आडपडदा न ठेवता बोलले होते, ही वार्ता त्यांच्या कानी गेली होती. पत्रात राग नव्हता, काळजी होती. त्यांनी लिहिले होते, "बाय, जगात नाना तऱ्हेची माणसे असतात हे मीही जाणतो. परंतु दृष्टीआड सृष्टी असते तीच बरी. बाईने बाईवर जीव लावणे ही शहराची चैन, परदेशातून आलेली. आणि कायद्याने आता मुभा दिलीच आहे, तर रस्त्यावर येण्याचे प्रयोजन काय?"

सज्जनाने सद्भावाने घेतलेल्या आक्षेपाला खाजगी पत्रातून चार गोड शब्द लिहून बगल देणे मला प्रशस्त वाटले नाही. कारण हेच आक्षेप, कमीअधिक कठोर शब्दांत, मी मुंबईच्या दिवाणखान्यांतही ऐकले आहेत, आणि त्यांचे उत्तर उघडपणे देणे हे मी माझे कर्तव्य समजते.

परदेशातून काय आले आणि स्वदेशी काय होते, याचा निवाडा दफ्तर उघडून करावा. ज्या १८६२ साली आमचा उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला, त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून भारतीय दंडसंहितेचा अंमल सुरू झाला आणि मेकॉलेच्या आयोगाने मसुदा केलेल्या त्या संहितेबरोबरच ३७७ वे कलमही आमच्या दारी आले. अनुराग परदेशातून आला नाही; त्यास गुन्हा ठरविणारा हुकूम तेवढा परदेशातून आला. मराठीपुरते बोलायचे तर, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेले 'समाजस्वास्थ्य' १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत वाचकांच्या लैंगिक शंकांना निर्भयपणे उत्तरे देत होते, आणि त्यांपैकी काही उत्तरांवरून १९३४ साली जेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या बाजूने वकीलपत्र घेऊन उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे १९८१ साली विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधील, मुलीवर जीव लावणारी सुमित्रा रंगभूमीवर आली. रोहिणी हट्टंगडींनी उभी केलेली ती मुलगी कोणत्याही परदेशी वाऱ्याने वाहत आलेली नव्हती, ती मराठी महाविद्यालयाच्या आवारात वावरणारी, मराठीत विचार करणारी आणि मराठी माणसांनीच एकटी पाडलेली मुलगी होती.

राहिला शहराचा मुद्दा. १९८७ च्या डिसेंबरात मध्यप्रदेश पोलीस दलातील लीला आणि ऊर्मिला या दोन शिपाई स्त्रियांनी परस्परांशी विवाह केला आणि त्यापायी दोघींनाही नोकरी गमवावी लागली. त्या काही विलासी घरच्या नव्हत्या, पगारावर जगणाऱ्या होत्या. माया शर्मा यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या 'लव्हिंग विमेन' या पुस्तकात उत्तर भारतातील अशाच कष्टकरी स्त्रियांची वृत्ते आहेत, आणि ते पुस्तक लिहिण्यामागचे एक कारण हेच होते की, समलिंगी स्त्री म्हणजे इंग्रजी बोलणारी, सुखवस्तू स्त्री, हा समज स्त्रीचळवळीतसुद्धा घट्ट बसला होता. मास्तरांनी जे लिहिले ते म्हणूनच एका खेड्यातील माणसाचे अज्ञान नव्हे. भलेभले त्याचे वाटेकरी आहेत.

येथे मला आमच्या मुलुखातलेच एक उदाहरण द्यावेसे वाटते. काळी नदीच्या उगमाकडील या रानात कुणबी बायका पिढ्यान्‌पिढ्या परसात कंदमुळे लावीत आल्या; परंतु जोयड्याला त्यांचा मेळा भरू लागेपर्यंत तालुक्याच्या कचेरीतील किती लोकांना मुडली आणि कोनफळ यांतील भेद ठाऊक होता? त्या मेळ्यात एक म्हातारी पाटीतून मांडीएवढी मुडली काढून, तिच्यावरची ओली माती अंगठ्याने पुसून, येणाऱ्याजाणाऱ्याला तिचे नाव पुन्हा पुन्हा उच्चारून दाखवीत होती, हे मी जवळ उभी राहून पाहिले आहे. कंद जमिनीत असतो म्हणून तो नसतोच, असे म्हणणाऱ्याने कधी कुदळ हाती धरलेली नसते.

आता कायद्याने दिलेल्या मुभेविषयी. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते ३७७ वे कलम निष्प्रभ केले, हे खरेच आणि ते थोरही खरे. परंतु स्त्रियांच्या बाबतीत ही बेडी मुळातच वेगळ्या लोहाराने घडविलेली होती. त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच ज्या शारीरिक क्रियेची अट होती, ती पुरुषाचा देह गृहीत धरणारी होती. त्यामुळे स्त्रियांवर त्याचा प्रत्यक्ष वापर क्वचितच झाला. त्यांच्यावर अंमल चालला तो घराचा. मुलगी मैत्रिणीबरोबर निघून गेली की बाप ठाण्यात ती हरवल्याची नोंद करतो, किंवा त्या मैत्रिणीवर पळवून नेल्याची फिर्याद गुदरतो. मुलगी सज्ञान असली तरी शिपाई तिला शोधून आणतात, समजूत घालण्याच्या नावाखाली घरच्यांच्या स्वाधीन करतात, आणि पुढे महिन्याभरात तिचे लग्न लागते. यांत कोणत्याही टप्प्यावर ३७७ वे कलम लागत नाही. म्हणूनच ते निष्प्रभ झाल्याने ही वहिवाट मोडली नाही.

मदुराईहून पळून चेन्नईस आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण जेव्हा मद्रास उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी एक असामान्य गोष्ट केली. या विषयाचे आपले आकलन अपुरे आहे, असे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले, स्वतः एका मानसतज्ज्ञापुढे बसून ते समजावून घेतले, आणि मगच ७ जून २०२१ रोजी आदेश दिला की, अशी जोडपी सज्ञान व परस्परांस संमत असतील तर हरवल्याची तक्रार बंद करावी, त्यांचा छळ करू नये. पुढच्या वर्षी ३१ मे रोजी केरळच्या उच्च न्यायालयाने आईबापांनी वेगळ्या केलेल्या दोन मुलींना एकत्र राहण्याची वाट मोकळी करून दिली. विवाहाचा प्रश्न मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने संसदेकडे ढकलला; त्यानंतर २०२४ साली केंद्र सरकारने, अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील समजावे आणि त्यांच्या संयुक्त बँकखात्यास आडकाठी नाही, एवढा खुलासा केला. शिधापत्रिका ही किरकोळ बाब वाटावी. पण दोघींची नावे एका कागदावर येण्याचे मोल, ज्यांची ती कधी आलीच नाहीत त्यांना विचारावे. आणि या सवलतीची खबर ज्या मुलीपर्यंत पोहोचायची, तिच्याकडे ती सरकारी परिपत्रकातून पोहोचेल, की आपल्यासारखी दुसरी कोणी रस्त्यावरून चालताना दिसल्यामुळे?

यातून मी मास्तरांच्या मुख्य आक्षेपाकडे येते, कारण बाकीचे दोन त्याचेच आधार आहेत. "दृष्टीआड सृष्टी" ही म्हण सहिष्णुतेची आहे असे त्यांना वाटते. माझे म्हणणे असे आहे की, स्त्रीच्या संदर्भात ती बेदखलीची म्हण आहे. आपल्याच इतिहासात पाहावे. १८६९ साली मुंबईत सुधारकांनी विधवेचा पुनर्विवाह लावला तो चोरून नव्हे, निमंत्रणे धाडून. आणि म्हणूनच त्यावर बहिष्काराचे वादळ उठले. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. तळकोकणापासून देशावरपर्यंत विधवांवर घरातल्या घरात काय ओढवत होते, त्यांची बाळंतपणे कोठे उरकली जात होती, हे कोणाला ठाऊक नव्हते? ते सारे दृष्टीआड होते, म्हणून सह्य होते. कर्व्यांचा अपराध एवढाच की, त्यांनी ते अंगणात आणून प्रतिष्ठेने मांडले. त्या एका उघड संसारामुळे किती विधवांना आपलेही आयुष्य संपलेले नाही हे कळले असेल, याची मोजदाद कोण करणार! 'समाजस्वास्थ्य'वाले रघुनाथराव याच कर्व्यांचे चिरंजीव, हा योगायोग मला नेहमी विचार करायला लावतो.

उघडपणावर उठणारे तेच वादळ पुढे एका चित्रपटावरही उठले. दीपा मेहता यांचा 'फायर' १९९८ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे प्रदर्शित झाला आणि डिसेंबरच्या आरंभीच मुंबईत व दिल्लीत चित्रगृहांवर हल्ले झाले. एका घरातील दोन जावांनी परस्परांत आसरा शोधला, एवढ्यावरून काचा फुटल्या. त्यानंतर दिल्लीच्या रीगल चित्रगृहासमोर जमलेल्या निदर्शकांत एका फलकावर, आपण भारतीयही आहोत आणि लेस्बियनही आहोत, अशा अर्थाचे शब्द होते. ज्या देशात ही दोन विशेषणे एकत्र नांदूच शकत नाहीत असे बजावले जात होते, तेथे ती एका काठीला बांधून धरणाऱ्या हाताचे धैर्य मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठे वाटते. मुंबईत त्याआधीच, १९९५ साली, 'स्त्री संगम' हा गट स्थापन झाला होता. तोच पुढे 'लाबिया' झाला आणि त्याने 'स्क्रिप्ट्स' नावाचे नियतकालिक चालविले. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे 'क्वीअर आझादी मुंबई'चा पहिला मोर्चा निघाला, पुण्यात ११ डिसेंबर २०११ रोजी निघाला, आणि या चालीला पाठबळ होते ते त्याआधीच्या कितीतरी वर्षांच्या खोल्याखोल्यांतील बैठकांचे.

मोर्चे सर्वांचे असताना स्त्रियांचे मेळावे वेगळे कशाला, असे चळवळीच्या आतलेही काही लोक विचारतात. त्यांना मी ज्या मेळाव्यास गेले होते त्या दुपारचे वर्णन करून सांगते. खोली लहान होती. दाराशी चपलांचा ढीग, कोपऱ्यात पाण्याचे पिंप, आणि प्रवेशालाच विनंती की कोणी छायाचित्र घेऊ नये. वेळ मुद्दाम दुपारची ठेवलेली, कारण संध्याकाळी उशिरा परतण्याचा जाब कित्येकींना घरी द्यावा लागतो. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होते आणि पिशवीत वाटेवर घेतलेली मेथीची जुडी. घरी मंडईत जाते म्हणून सांगितले होते. बोलण्याची पाळी त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी मेथी निवडणे थांबवले, पण जुडी खाली ठेवली नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी आपण 'लेस्बियन' हा शब्द स्वतःविषयी प्रथम मोठ्याने उच्चारीत आहोत, असे त्या म्हणाल्या, आणि पाच वाजता, गाडीची वेळ झाली म्हणून, सर्वांच्या आधी उठल्या. ज्या समारंभात ढोल आणि रात्रीचे जलसे असतात, तेथे या बाईंना जागा कोठून मिळणार? पुरुषाला रस्ता, रात्र आणि पैसा हे जन्मतः वाट्याला येतात. स्त्रीला त्यातील प्रत्येकासाठी अर्ज करावा लागतो. अमेरिकेतही १९९३ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला लेस्बियन स्त्रियांनी आपला वेगळा मोर्चा काढला तो मोठ्या मेळाव्यात आपला आवाज हरवतो या अनुभवानेच.

एक गोष्ट मात्र मी मनापासून मान्य करते. दिसणे हे कोणावर सक्तीचे होता कामा नये. मोर्चात तोंडाला ओढणी बांधून चालणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि वर्तमानपत्रातील एका छायाचित्राने एखादीचे घर, शिक्षण, सर्व काही जाऊ शकते, हे विसरणारा छायाचित्रकार अन्याय करतो. परंतु ओढणी बांधलेली ती मुलगीही चालतच होती. जिला चेहरा दाखवता येत नाही तिच्यासाठी दाखवू शकणारीने दाखवावा, हीच तर या हंगामाची रीत आहे.

मास्तर, आता तुम्हालाच उद्देशून लिहिते. आपल्या वाड्यावर ओढ्यापलीकडच्या घरात दोन बायका राहत होत्या. एकमेकींच्या त्या कोण होत्या हे ठरविण्याचा अधिकार मला नाही, आणि त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. आम्ही मुले दोघींनाही मावशीच म्हणत असू. थोरली गेली तेव्हा धाकटीला तिरडीजवळ बसू दिले नाही, कारण ती नात्यातली नव्हती. बाराव्यानंतर थोरलीच्या पुतण्यांनी घराला कुलूप लावले आणि धाकटीची पत्र्याची ट्रंक अंगणात आणून ठेवली. तिने भांडण केले नाही. परसात दोघींनी लावलेल्या मुडलीतले बियाण्यापुरते दोन कंद मागितले, ते तिला मिळाले. भर पावसाचे दिवस होते. त्या अंगणात तुम्ही होतात. ट्रंक डोक्यावर घेऊन, चिखल तुडवीत, बस थांबायची तेथपर्यंत तिच्याबरोबर चालत गेलात ते तुम्हीच. त्या सबंध वाटेत तिचे सांत्वन करावे असे फार वाटले, परंतु तिचे नेमके कोण गेले आहे याला शब्दच सापडेना, असे तुम्ही मला पुढे कितीतरी वर्षांनी, ओसरीवर बसून, सांगितले होते.