नदी दाखवा, झुंबरं नंतर बघू

जर्मनीहून परत आलेल्या माणसाला पंधरा दिवस विमानतळावरच अडकवून ठेवावं, असं माझं फार दिवसांचं मत आहे. रोगराईच्या भीतीने नव्हे, तो नदी बघून आलेला असतो म्हणून. घरी पोचल्यावर बॅग उघडायच्या आधी तो मोबाइल उघडतो आणि आपल्याला नदी दाखवतो. नदीकाठी काचेचं सभागृह, सभागृहासमोर तो, त्याच्या बाजूला त्याची बायको, आणि दोघांच्या मधे जेवढी दिसेल तेवढी नदी. मग चहाचा कप खाली ठेवून एक सुस्कारा : "आपल्याकडे असलं काही व्हायचं नाही हो!" ह्या एका वाक्याशी माझं भांडण आहे.

भांडायचा मला अधिकार आहे, कारण तसलं एक सभागृह मीही बघून आलोय. भाचा हॅम्बुर्गला असतो. "मामा, एल्बफिलहार्मोनी बघितल्याशिवाय तुला परत पाठवणार नाही," असा त्याने दमच भरला होता. गेलो. एल्बे नदीचं बंदर, तिन्ही बाजूंना पाणी, खाली विटांचं जुनं गोदाम आणि त्याच्या डोक्यावर काचेच्या लाटा. गोदामात एके काळी कोको, चहा आणि तंबाखू साठवायचे; म्हणजे संगीताला लागणारं बाकीचं साहित्य आधीपासून होतंच, फक्त गवई यायचे राहिले होते. एकूण उंची ११० मीटर. मोठ्या दालनात २१०० खुर्च्या. वर जायला ८२ मीटर लांबीचा सरकता जिना, आणि तोही मधे असा फुगवलेला की खालून वरचं टोक दिसत नाही. आमच्या स्टेशनवरच्या जिन्याचंही दिसत नाही, पण ते पुढच्या माणसाच्या पिशव्यांमुळे.

जर्मन माणूस म्हणजे घड्याळ आणि हिशेब, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तर ऐका. ही इमारत २०१० साली उघडायची होती, ती ११ जानेवारी २०१७ ला उघडली. जनतेच्या तिजोरीतून ७ कोटी ७० लाख युरो जायचे होते, ते ७८ कोटी ९० लाख गेले. हा आकडा भाच्याने सांगितला आणि मला त्या शहराबद्दल एकदम जिव्हाळा वाटू लागला. परक्या मुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

पण मला त्या इमारतीतली खरी गोष्ट काचेत दिसली नाही, खुर्च्यांतही नाही. गोदाम संपतं आणि काच सुरू होते तिथे, ३७ मीटरवर, चारी बाजूंनी फिरता येईल असा एक सज्जा आहे. तिथे जायला मैफलीचं तिकीट लागत नाही. शाळेची पोरं येतात, आजीआजोबा येतात, आमच्यासारखे मामाभाचे येतात, कठड्याला टेकून नदी बघतात आणि खाली उतरून घरी जातात. आतल्या सिंफनीशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. तरी इमारत त्यांची आहे. ७८ कोटी ९० लाख दिलेत त्यांनी, निदान कठडा तरी मिळायला हवा!

परत आल्यावर हे सगळं मी आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत सांगितलं. माजी सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पण त्यांच्याकडे नदी आहे. आपल्याकडे नदी कुठाय?"

माजी सेक्रेटरी सत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचं सगळं आयुष्य उपनगरात गेलंय. उपनगरात एक नाही, चार नद्या आहेत. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर. पण ओशिवरा आणि पोईसर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेस्टचे डेपो येतात. दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघते, नॅशनल पार्कात नितळ वाहते आणि पार्काबाहेर पडून आपल्यात आली की नाला होते. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून, सुमारे १८ किलोमीटर आपली घाण वाहून माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ह्या नद्या आपापला जुना पत्ता शोधत लोकांच्या पहिल्या मजल्यापर्यंत येऊन गेल्या. तेव्हा आपल्याला कळलं, की अरेच्चा, ही नदी होती! मग आपण काय केलं? पात्रं रुंद केली, ते योग्यच. आणि काठाने काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या. पूर अडवायला भिंत लागते हे मला मान्य आहे. पण भिंतीमुळे पाणी किती अडलं कोण जाणे, नजर मात्र पक्की अडली.

"बरं, नदी आहे. पण नदीकाठी सभागृह?" सेक्रेटरी मागे हटणारे नव्हेत.

तेही आहे! वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कडेने मिठी वाहते आणि पलीकडे धारावी आहे. ह्या संकुलात परिषदांसाठी मोठं केंद्र आहे आणि ३१ मार्च २०२३ ला तिथे नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र उघडलं. मोठ्या नाट्यगृहात २००० खुर्च्या, छताला ८४०० स्फटिक. म्हणजे परिषद आहे, संगीत आहे, नदी आहे, हॅम्बुर्गला लागणारा सगळा शिधा एका ठिकाणी हजर आहे. तरी त्याला कोणी 'नदीकाठचं' म्हणताना ऐकलंय? 'बीकेसीतलं' म्हणतात. ज्याने स्वतःचे पैसे घालून बांधलं त्याच्याशी माझी तक्रार नाही. त्याने चांगलं बांधलं, आपण तिकीट काढून बघावं. तक्रार आपल्याशी आहे. छताला स्फटिक लागले की संस्कृतीचं देणं फिटलं, अशी आपण समजूत करून घेतो आणि जे आपल्या करातून उभं राहिलंय त्याच्याकडे मागायचं विसरतो.

पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, बोरीवलीचं प्रबोधनकार. ही महापालिकेची, म्हणजे माझी-तुमची नाट्यगृहं. गिरगाव-दादरचा मराठी माणूस चाळ सोडून ब्लॉकमधे आला तेव्हा त्याची गॅलरी मागेच राहिली. संध्याकाळी चार माणसांत उभं राहायची सोय गेली. ती पुन्हा देऊ शकेल अशी उपनगरात एकच जागा आहे, ती म्हणजे नाट्यगृहाचा व्हरांडा. आणि त्याच्यावर पहारा असतो. एका नाट्यगृहात (नाव सांगत नाही, उगीच वॉचमनची बदली व्हायची) मी साडेतीनला पोचलो.

"काका, नाटक पाचला आहे."

"म्हणून तर आलोय."

"मग पाचला या."

हातात तिकीट, बाहेर मे महिन्याचं ऊन, आत पंख्याखाली पंचवीस रिकाम्या खुर्च्या. हॅम्बुर्गला तिकिटाशिवाय ३७ मीटर वर गेलो होतो, इथे तिकीट असून तीन पायऱ्या चढता येईनात.

आता नेहमीचा आक्षेप : आपल्या नद्यांना वास मारतो, तिथे कोण बसणार? अहो, एल्बे काय गुलाबपाण्याची होती? १९८०च्या दशकात ती युरोपातल्या सर्वांत घाण नद्यांत मोजली जायची. १९९० नंतर पूर्वेकडचे कितीतरी कारखाने बंद पडले, सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसली आणि नदी सुधारली. तिथल्या लोकांची नाकं जन्मतः वेगळी नव्हती. आपल्या घरात बघा ना. पाहुणा दिवाणखान्यात बसतो, म्हणून दिवाणखाना रोज झाडला जातो. मोरीकडे कोणी बघत नाही, म्हणून मोरीचं आपण नंतर बघतो. उपनगराने चारही नद्या मोरीत टाकल्या आणि वरून भिंत घातली. नदी स्वच्छ झाल्यावर तिच्याकडे तोंड करू, असं म्हणाल तर ती कधीच स्वच्छ होणार नाही. आधी तोंड करा. चार माणसं रोज संध्याकाळी तिच्याकडे बघत नाक दाबू लागली, की नालेसफाईचा कंत्राटदारही जरा घाबरून गाळ काढेल.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. उपनगरात पुढचं नाट्यगृह बांधाल ते दहिसर नाहीतर पोईसर नदीकाठी, पुराच्या रेषेपेक्षा उंचावर बांधा. नदीकडे तोंड करून एक लांब व्हरांडा द्या. त्याला तिकीट नको. स्फटिक नकोत, बटाटेवडा चालेल. तेवढं होईपर्यंत, आहेत त्या नाट्यगृहांचे व्हरांडे सकाळपासून उघडे ठेवा. म्हातारे पेपर वाचतील, पोरं अभ्यास करतील, आणि बसल्याबसल्या एखादा संध्याकाळच्या प्रयोगाचं तिकीटही काढेल. खर्च म्हणाल तर दोन पंखे आणि वॉचमनची एक जास्तीची पाळी. सात वर्षं थांबायला नको, युरो मोजायला नकोत.

तिसऱ्या घंटेनंतर कुणाला आत घेऊ नका, हा नियम मला मान्य आहे. पहिल्या घंटेच्या आधी मात्र घ्या.