विषय: कुत्रं चावलं तर गप्प बसू नका



दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. ऊन उतरलं की ग्रीन कम्युनिटीच्या तळ्याभोवती माणसांइतकीच कुत्री फिरायला निघतात. बहुतेक गुणी असतात आणि माझं कुत्र्यांशी काही वैर नाही. पण कुत्रं चावल्यावर आपली मंडळी जे करतात, त्याबद्दल बोलायचं आहे. कारण बहुतेक वेळा आपण काहीच करत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरी आई भारतातून राहायला आल्या होत्या. सकाळी फिरताना शेजारच्या मोकळ्या सुटलेल्या कुत्र्याने त्यांच्या पोटरीचा लचका तोडला. मालक भला माणूस. दहा वेळा माफी मागितली, संध्याकाळी फळांची टोपली घेऊन आला. घरच्यांनी तक्रार केली नाही. "परक्या देशात कशाला पोलिसांची भानगड? आई व्हिजिट व्हिसावर, उद्या काही लफडं झालं तर?" दोन महिन्यांनी त्याच कुत्र्याने स्कूल बसची वाट पाहणाऱ्या एका मुलाला धरलं. आधीची नोंद कुठेच नव्हती, त्यामुळे मालकाने बिनदिक्कत सांगितलं की आमचा कुत्रा आजवर कुणाला चावला नाही!

माझं म्हणणं एवढंच की तक्रार करणं म्हणजे भांडण नव्हे. ती नोंद आहे, आणि ती आपल्यापेक्षा पुढच्या माणसासाठी जास्त महत्त्वाची आहे.

व्हिसाची भीती तर अनाठायीच. चावा घेतला गेला तो माणूस तक्रारदार असतो, आरोपी नव्हे. इथला कायदाही मवाळ नाही. २०१६ चा २२ क्रमांकाचा फेडरल कायदा धोकादायक प्राणी पाळण्याबद्दल आहे, त्यात कुत्र्यांसाठीही नियम आहेत. परवाना हवा, लसीकरण हवं, बाहेर नेताना पट्टा हवा. हे न पाळणाऱ्याला दहा हजार ते एक लाख दिरहम दंड होऊ शकतो. प्राणी जाणूनबुजून कुणाच्या अंगावर सोडला तर मामला तुरुंगापर्यंत जातो. शिवाय दुबईत प्रत्येक कुत्र्याची म्युनिसिपालिटीकडे नोंदणी आणि मायक्रोचिप सक्तीची आहे.

आता ज्यावर फारसं कुणी बोलत नाही तो मुद्दा. कुत्र्याने केलेल्या नुकसानीची भरपाई कुणी द्यायची? १९८५ च्या दिवाणी कायद्याने इथे तत्त्व घालून दिलं ते असं: प्राणी ज्याच्या ताब्यात आहे आणि ज्याचा निष्काळजीपणा आहे तो जबाबदार, मग तो मालक असो वा नसो. वाचायला सोपं वाटतं. पण आपल्या भागात कुत्र्याला फिरवायला कोण नेतं ते आठवा. साहेब ऑफिसात, मॅडम जिममध्ये आणि दोरी घरकाम करणाऱ्या बाईच्या हातात! तिला ना ते कुत्रं आवरायला शिकवलेलं, ना नाही म्हणायची सोय. तक्रारीत फक्त "कुत्रा घेऊन जाणारी बाई" असं लिहिलंत तर सगळं तिच्या गळ्यात पडण्याचा धोका आहे. म्हणून मालकाचं नाव, व्हिला नंबर आणि बाई कुणाकडे कामाला आहे हे तक्रारीत लिहा. आपल्या हाताखालच्या माणसाने काम करताना केलेल्या नुकसानीची झळ वरच्यालाही लागू शकते. कुणी किती द्यायचं ते कोर्ट ठरवेल, पण मालकाला कागदाबाहेर राहू देऊ नका.

प्रत्यक्षात काय करायचं ते क्रमाने लिहितो. मी वकील नाही, पण दोन-तीन प्रकरणांत लोकांबरोबर फिरलो आहे.

१. आधी जखम. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीपूड हे आजीचे उपाय अजिबात नकोत. मग लगेच डॉक्टर. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागण्याचा जमाना कधीच गेला, आता लस दंडात देतात. जखम खोल असेल तर जखमेतच वेगळं इंजेक्शन (इम्युनोग्लोब्युलिन) द्यावं लागतं. काय द्यायचं ते डॉक्टरांवर सोडा, पण "घरचा कुत्रा आहे, काही होत नाही" हा मालकाचा सल्ला मानू नका. रेबीजची लक्षणं सहसा दोन-तीन महिन्यांनी दिसतात आणि दिसल्यावर जवळपास कुणीच वाचत नाही.

२. कागद. हॉस्पिटलचा रिपोर्ट, बिलं, जखमेचे तारखेसकट फोटो, पाहणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर. मालकाकडे कुत्र्याचं लसीकरणाचं पुस्तक मागा.

३. तक्रार. पोलिसांचा तातडीचा नंबर ९९९, एरवी ९०१. म्युनिसिपालिटीचा ८००९००. भटकं कुत्रं असलं तरी म्युनिसिपालिटीला कळवा. सोसायटीच्या सिक्युरिटीला सांगितलं म्हणजे तक्रार झाली असं समजू नका.

४. समझोता. हा वाईट नाही. पण अरबीतला "तनाझुल"चा कागद म्हणजे हक्क सोडल्याचं पत्र. लसीचा शेवटचा डोस होण्याआधी आणि भाषांतर वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका.

५. राग व्हॉट्सअॅपवर काढू नका. मालकाचा फोटो टाकून "हाच तो" असं लिहिलंत तर २०२१ च्या सायबर कायद्याखाली तुमच्यावरच उलटी तक्रार होऊ शकते. व्हिडिओ पोलिसांना द्या, ग्रुपवर नको. आणि कुत्र्याला मारायला जाल तर प्राणी छळाचा कायदाही आहेच.

आता थोडं आपल्याच पार्काबद्दल. ग्रीन कम्युनिटी आणि रिताजच्या पलीकडे गोदामं, वर्कशॉप आणि कामगारांच्या निवासांचं मोठं जग आहे. रात्रपाळीचा वॉचमन किंवा बाईकवरून जेवण पोचवणारा पोरगा, यांना कुत्रं चावलं तर ते सांगत नाहीत, सुट्टी कापली जाईल या भीतीने. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं: कामावर असताना इजा झाली तर ती कामावरची दुखापत आहे. २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे उपचाराचा खर्च मालकाचा, आणि बरा होईपर्यंत सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार. आपल्यापैकी कितीतरी जण तिथल्या कंपन्यांत मॅनेजर, एचआर, सेफ्टी ऑफिसर आहेत. सेफ्टी मीटिंगमध्ये हेल्मेटबरोबर हे एक वाक्य घालायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, भारतात तर याहून वाईट परिस्थिती आहे. आहेच! मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० साली एका रॉटवायलरने वृद्ध नातेवाइकाला चावा घेतला. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली २०२३ मध्ये, म्हणजे तब्बल तेरा वर्षांनी. वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये कुत्रं चावलं, त्याचा निकाल २०२५ मध्ये लागला, चार महिने सक्तमजुरी. भटक्या कुत्र्यांबाबत पंजाब-हरियाणा हायकोर्टाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये भरपाई ठरवली, आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा, हॉस्पिटलं, स्टेशनं यांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितलं. यातलं काहीही आपोआप झालं नाही. वर्षानुवर्षं कुणीतरी चिकाटीने तारखांना गेलं. इथे पट्ट्याचा नियम, चिप, नोंदणी, फोन नंबर सगळं तयार आहे आणि आपण फळांची टोपली घेऊन गप्प बसतो.

जाता जाता सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी. गावी कुत्रं चावलं आणि परतीचं विमान दोन दिवसांवर असेल तर लसीचं कार्ड हँडबॅगेत ठेवा आणि उरलेले डोस इथे ठरल्या तारखेला घ्या. "दुबईला गेल्यावर बघू" म्हणून एकही डोस चुकवू नका.

आणि ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी रागावू नये. पट्टा घाला, नोंदणी करा, दोरी ज्याच्या हातात देता त्याला कुत्रं आवरतं का ते आधी पाहा. तक्रारीची नोंद झाली तर शहाणा मालक सावध होतो आणि कुत्र्याचंही भलं होतं. शेजारधर्म दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

कळावे,
एक डीआयपीकर