तांब्याचा पत्रा आणि काचेची पाटी

संगणकावर चित्रे काढता येऊ लागल्यापासून एक शंका वारंवार व्यक्त होते. चुकलेली रेषा एका स्पर्शाने पुसता येत असेल आणि प्रती हव्या तितक्या निघत असतील, तर चित्रकाराच्या हाताला मोल ते काय उरले? ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचे काम या शंकेला समर्पक उत्तर देते. १९३७ साली ब्रॅडफर्ड येथे जन्मलेल्या या कलावंताने हातछपाई आणि संगणक या दोन्ही वाटा मनापासून चोखाळल्या.

ग्रिम बंधूंच्या सहा परीकथांचे त्यांचे सचित्र पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी त्यांनी ३९ एचिंग चित्रे केली. एचिंग हे चिकाटीचे काम. तांब्याच्या पत्र्यावर मेणयुक्त लेप द्यायचा, त्यावर सुईने रेखाटायचे आणि पत्रा आम्लात बुडवायचा. लेप जेथे खरवडला गेला असेल, तेथेच आम्ल धातू खाते. त्या खाचांत शाई भरून पृष्ठभाग पुसायचा आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. चित्र उमटते तेही डाव्याचे उजवे होऊन. चूक दुरुस्त करणे अशक्य नसले, तरी जिकिरीचे असते. एका कथेच्या चित्रात डावीकडे पेंढा आणि उजवीकडे सोने दाखवायचे होते, शाई मात्र काळीच. हा भेद रंगावर न सोपवता रेषेनेच साधावा लागला.

१९८६ साली हॉकनी यांनी कार्यालयातील छायाप्रत यंत्र, म्हणजे आपण ज्याला झेरॉक्स मशीन म्हणतो ते, छापखान्यासारखे वापरले. प्रत्येक रंगाचा भाग वेगळ्या कागदावर काढायचा आणि छपाईचा कागद रंग बदलून पुन्हा पुन्हा त्याच यंत्रातून काढायचा. कोणता रंग आधी, कोणता नंतर, कोठे काय झाकले जाईल, याचा हिशेब प्रथम मनात मांडावा लागे.

पुढे आयफोन आला आणि २०१० साली आयपॅड. पडद्याला स्वतःचा प्रकाश असल्याने पहाटेच्या अंधारात दिवा न लावता सूर्योदय रेखाटता येऊ लागला. यॉर्कशरमधील वोल्डगेट रस्त्यावर उतरणारा २०११चा वसंत त्यांनी आयपॅडवर टिपला. त्यातील ५१ चित्रे मोठ्या कागदांवर छापून २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडण्यात आली. ऐंशी ओलांडल्यावर, २०२०च्या वसंतात, नॉर्मंडीत त्यांनी अशी ११६ चित्रे केली. आयपॅडवरही रंग थरावर थर देऊनच चढतात. थरांचा हा विचार त्यांना नवा नव्हता, कारण छपाईने तो आधीच अंगवळणी पाडला होता. नवे होते ते वेगळेच : काढलेले चित्र पहिल्या रेषेपासून पुन्हा उलगडत जाताना पाहता येऊ लागले. स्वतःचा हात कसा चालतो, हे चित्रकारालाच दिसू लागले.

राहिला प्रश्न मोलाचा. हातछपाईच्या चित्राखाली पेन्सिलीने ७/५० असा आकडा लिहिण्याची प्रथा आहे, म्हणजे पन्नासांपैकी सातवी प्रत. ठरलेल्या प्रती निघाल्यावर पुष्कळदा पत्र्यावर रेघा मारून तो, धनादेश रद्द करावा तसा, रद्द केला जातो. डिजिटल चित्राला असे बंधन नाही, ते कलावंताने स्वतः घालून घ्यावे लागते. हॉकनी यांनी आयपॅडवरील अनेक चित्रांच्या छापील प्रती मर्यादित संख्येत, स्वाक्षरीसह काढल्या. फोनवर रेखाटलेली फुले मात्र ते मित्रांना सहज धाडत. विक्रीची प्रत कोणती आणि स्नेहाची भेट कोणती, हे यंत्राने ठरवले नाही.

आज घरोघरी मुलांच्या हाती टॅब आहे. तो हिसकावून घेण्याचे कारण नाही. मात्र सुटीत एखाद्या दुपारी त्यांना भेंडीचे, बटाट्याचे ठसेकाम करायला बसवावे. रंग दोनच द्यावेत आणि पहिला कोणता उमटवायचा, ते आधी ठरवायला सांगावे. ठसा पुसता येत नाही, म्हणून हात थोडा थांबतो आणि डोळा नीट पाहतो. ही सवय घेऊन मूल पुन्हा टॅबकडे वळले, तर तेथेही त्याची रेषा विचारपूर्वक उमटेल.