होडी घ्या, पण पाणी बघून

चिपळूणच्या एका भगिनींनी विचारलं आहे, "ह्यांना गरवण्याचा फार नाद. आजवर काठावरून भागायचं. आता मासे पकडायची प्लॅस्टिकची कयाक घ्यायची म्हणतात. वजन ८२ किलो, कंबर दुखते, पोहणं बेताचंच. हो म्हणू की नको?"

हो म्हणा. नको म्हटलंत तर कुणाची तरी मागून नेतील, आणि ती कशी असेल देव जाणे! मात्र दुकानात तुम्हीही बरोबर जा. दुकानदार लांबी आणि किंमत सांगू लागायच्या आत विचारा, ही कुठल्या पाण्यासाठी? दूध तापवायला आणि पुरण शिजवायला आपण एकच पातेलं घेत नाही, तसंच हे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पाण्याला लागू. आत पाय घालून बसायची कयाक नको, वर बसायची घ्या. आतली उलटली की पाण्याने भरते. वरची पोकळ आणि बंद असते, अंगावर आलेलं पाणी भोकांतून खाली निघून जातं, आणि उलटली तरी सरळ करून पुन्हा वर चढता येतं. बेताचं पोहणाऱ्याला हा फरक फार मोठा.

आता रुंदी. ३० इंचांच्या आतली झरझर जाते, पण डुगडुगते. गळ टाकताना माणूस एका अंगाला वळतो, मासा लागला की ओढला जातो, म्हणून ३२ ते ३६ इंच बरी. जास्त रुंद होडी मंद आणि जड, हेही खरंच. तळ उलटा करून बघा. टबात परात तरंगवून पाहा, संथ पाण्यात कशी ऐटीत बसते! पण पाणी हलवलं की लाटेच्या उताराबरोबर तीही कलते. सपाट तळाच्या होडीचं तेच. तलाव किंवा धरणाचं निवांत पाणी असेल तर सपाट तळ आणि १० फूट लांबी पुरे. खाडीत लाट आणि वारा असतो. तिथे किंचित गोलसर किंवा मध्ये कणा असलेला तळ आणि ११ ते १२ फूट लांबी हवी. बसल्याबसल्या ती थोडी हलेल, पण लाटेत सांभाळेल. आपल्या कोकणातल्या होड्यांना बाजूला उलांडी असते ना, ती ह्याच भीतीपोटी.

कंबर दुखते म्हणून पाठीला टेका असलेली, खुर्चीसारखी बैठक घ्याच. पण ती उंच-खाली करता येणारी हवी. बैठक जितकी उंच तितकी होडी कलायला सोपी. संथ पाण्यात उंच, वारा सुटला की खाली.

वजनाचं गणित आपण करू. ८२ किलो ते स्वतः, गळ-दोऱ्या आणि जाकीट १०, बर्फाची पेटी ८, पाणी-डबा ५. झाले १०५. होडीवर लिहिलेल्या वजनाच्या दोन-तृतीयांशच भरावं, म्हणजे १६० किलोची होडी हवी. १२० वाली स्वस्त पडते खरी, पण तिच्यात यजमान एकटेच बसतील, मासा नाही.

तुमच्या वाशिष्ठीबद्दल थोडं अधिक. तिथे मगरी आहेत. पाय बाहेर सोडून बसायचं नाही, पकडलेले मासे दोरीला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवायचे नाहीत. भरतीचा अंदाज घरच्या पंचांगावरूनही येतो. तिथीची पाऊणपट केली की किनाऱ्यावरच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. खाडीत जितकं आत, तितकी उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ फार, नवख्याने अष्टमीच्या भांगात जावं. ओहोटी बाहेर ओढते आणि वारा समोरून येतो, तेव्हा खाडीच्या तोंडाशी उभ्या लाटा उठतात. तिकडे जायचंच नाही. वाहत्या पाण्यात नांगर होडीच्या टोकाला बांधावा, मध्यावर बांधला की होडी आडवी होऊन उलटते. पावसाळ्यात होडी घरीच. धरणावर जाणार असतील तर मासेमारीची परवानगी आधी विचारून घ्यायला सांगा.

हवा भरायची कयाक कपाटात मावते खरी, पण खाडीतल्या कालवांच्या धारेपुढे तिचा निभाव कठीण. पायाने चालवायची असते, हात मोकळे राहतात, पण महाग, आणि उथळ पाण्यात तिचं खालचं पातं अडकतं. तुम्हाला वल्ह्याचीच बरी. होडी रुंद म्हणून वल्हंही लांब हवं, साधारण २४० सेंटिमीटर.

एक करा. तारकर्लीला किंवा गोव्याला गेलात तर तासभर भाड्याने घेऊन ह्यांना बसू द्या. कंबर काय म्हणते ते तिथेच कळेल. आणि काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, पडून पुन्हा चढायचा सराव दोनतीनदा करायला लावा.

तरंगणारं जाकीट होडीच्या बिलातच घ्या, शिट्टीसकट. ते अंगात घालायचं, बैठकीखाली ठेवायचं नाही. होडी भरते ३० ते ४० किलो, तेव्हा चढवायला दुसरा माणूस कोण, हेही आधी ठरवा. घरी ती उन्हात नको, प्लॅस्टिक कुजतं. पडवीत कुशीवर ठेवा, आणि वर वाळवण घालू नका!