रिपोर्ट उघडत नाही? आधी थांबा

परवा ओपीडीत एका रुग्णाच्या मुलाने विचारले, "डॉक्टरसाहेब, घरी लॅपटॉपवर आईचा स्कॅन उघडत नाही. 'प्लगइन सापडले नाही, इन्स्टॉल करा' असे येते. करू का?" मी म्हटले, "मुळीच नको. आधी सेंटरला फोन करा."

एके काळी ही सूचना खरी असे. ब्राउझरला व्हिडिओ किंवा अ‍ॅनिमेशन स्वतः दाखवता येत नसे. त्यासाठी फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट असे प्लगइन, म्हणजे पूरक सॉफ्टवेअर, लागे. संकेतस्थळ ब्राउझरकडे प्लगइनची यादी मागे आणि हवे ते नसले की डाउनलोडची लिंक पुढे करी. तपासणी करून औषध लिहून देण्यासारखेच हे. पण त्यातून विचार न करता 'हो' म्हणण्याची सवय आपल्याला लागली आणि भामट्यांनी तिचाच फायदा उठवला. ऑक्टोबर २०१७ मध्ये रशिया आणि युक्रेनमध्ये पसरलेला 'बॅड रॅबिट' हा खंडणीखोर व्हायरस फ्लॅशच्या खोट्या अपडेटच्या रूपात आला. हॅक झालेल्या नेहमीच्या बातम्यांच्या संकेतस्थळांवर ती सूचना दिसे आणि लोक स्वतःच्या हाताने फाइल चालवत.

आता तर ही सूचनाच कालबाह्य झाली आहे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार बंद केला. व्हिडिओ, पीडीएफ, अगदी स्कॅनच्या प्रतिमाही आजचा ब्राउझर प्लगइनविना दाखवू शकतो. संकेतस्थळाने यादी मागितली, तरी प्रमुख ब्राउझर पीडीएफ दाखवता येते की नाही, एवढेच सांगणारे ठरावीक उत्तर देतात. त्यामुळे 'तुमच्याकडे प्लगइन नाही' हे निदान बहुधा खोटेच समजावे.

अशी सूचना आली, तर पान बंद करा. सेंटरकडून पीडीएफ किंवा फिल्म मागून घ्या. चुकून काही इन्स्टॉल केले असेल, तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, संगणक जाणकाराकडून तपासून घ्या. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर तक्रार करा.

जबाबदारी आम्हा वैद्यकीय मंडळींचीही आहे. आजारी माणसाचे नातेवाईक घाबरलेले असतात. रिपोर्ट दिसावा म्हणून ते काहीही दाबतील. त्यांना इन्स्टॉल करायला लावणारी जुनी यंत्रणा रुग्णालये आणि लॅबनी आता काढून टाकावी. अनोळखी माणसाने दिलेली गोळी आपण गिळत नाही. अनोळखी सॉफ्टवेअरलाही तोच नियम लावा.