आसन हाही हेतूच : घरी काम करणारा वेदनाग्रस्त रुग्ण आणि आपले व्यवस्थापत्र

कटिग्रह, मन्यास्तंभ, गृध्रसी, अंसशूल, संधिगतवात ही नावे आपल्या रुग्णपत्रिकांत जितक्या वेळा येतात, तितकी अन्य व्याधींची क्वचितच येत असतील. या रुग्णांना आपण स्नेहन-स्वेदन देतो, गुग्गुळकल्प देतो, बस्ती योजतो. पथ्यात हरभरा, वाटाणा, शिळे व थंड अन्न वर्ज्य करावयास सांगतो. रुग्णास उतार पडतो, तो कामास लागतो आणि दीड-दोन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन पुन्हा समोर येतो. मधल्या काळात तो दिवसाचे आठ-दहा तास कोठे आणि कसा बसला होता, हा प्रश्न मात्र आपण बहुधा विचारलेला नसतो. हा प्रश्न वैद्याच्या कक्षेतील आहे, किंबहुना त्यावाचून चिकित्सा अपुरी राहते, असे माझे मत आहे. ते व्यवसायबंधू-भगिनींपुढे व औषधालयचालकांपुढे विचारार्थ ठेवीत आहे.

शास्त्र काय सांगते?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायात वातप्रकोपाचे हेतू सांगताना रूक्ष-शीत आहार, अतिव्यायाम, वेगधारण यांच्या बरोबरीने त्रासदायक शय्या आणि त्रासदायक आसन यांचाही उल्लेख आहे. आहाराचे हेतू आपण आवर्जून विचारतो; आसनाचा हेतू वाचून पुढे जातो. सूत्रस्थानाच्या ११ व्या, म्हणजे तिस्रैषणीय अध्यायात कर्माचा अतियोग, अयोग व मिथ्यायोग ही रोगकारणे म्हणून वर्णिली आहेत, आणि शारीर मिथ्यायोगात अंगे विषम रीतीने ठेवण्याचा अंतर्भाव आहे. आजच्या बैठ्या कामास हे विवेचन तंतोतंत लागू पडते. तासन् तास एकाच स्थितीत राहणे हा अतियोग, हालचालीचा अभाव हा अयोग आणि मान पुढे काढून, पाठीची कमान करून बसणे हा मिथ्यायोग. तीनही एकाच खुर्चीत एकत्र नांदतात. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र मानणाऱ्यांनी हा हेतू तसाच राहू देऊन केवळ तेल बदलीत राहावे, हे सुसंगत नव्हे.

‘काम बंद करा’ हे उत्तर नव्हे

यावर सोपा उपाय म्हणून ‘विश्रांती घ्या, काम बंद ठेवा’ असे सांगितले जाते. परंतु त्याच तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणेच्या पाठोपाठ धनैषणेचे स्थान आहे. उपजीविकेच्या साधनांवाचून दीर्घायुष्य हे दुःखच, हे आचार्यांनी जाणले होते. वेदनाग्रस्त रुग्ण या दोन एषणांच्या कात्रीत सापडलेला असतो. सोलापूर वा सिन्नरची विडी वळणारी स्त्री, घरी शिलाई यंत्र चालविणारी गृहिणी, १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी सुरू केलेल्या लिज्जतच्या परंपरेत घरी पापड लाटणारी भगिनी, यांची मजुरी नगावर वा वजनावर असते. हात थांबला की पैसा थांबला. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर संगणकावर घरून काम करणाऱ्यांची त्यांत भर पडली, आणि त्यांतील कित्येक आजही जेवणाच्या मेजावर किंवा पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करीत आहेत. कारखान्यात वा कचेरीत बसण्याच्या सोयीची जबाबदारी निदान कोणावर तरी टाकता येते. घरात ती कोणाचीच नसते. तेथवर पोहोचणारा सल्ला वैद्याचाच असू शकतो.

दीर्घकालीन वेदनेसंबंधी आधुनिक वैद्यकाची समजूतही येथे उपयोगी पडते. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणारी किंवा वारंवार होणारी वेदना दीर्घकालीन मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याधी-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत अशा वेदनेस स्वतंत्र स्थान मिळाले आहे. जुनाट वेदनेत वेदनेची तीव्रता ही धातूंच्या हानीचे माप असतेच असे नाही. मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असू शकते. म्हणून दीर्घ काळ संपूर्ण विश्रांती घेतल्यास स्नायू दुर्बल होतात, भीती वाढते व वेदनेचे राज्य विस्तारते. रुग्णास कामापासून तोडण्याऐवजी काम त्याच्या देहाशी जुळवून देणे, ही खरी दिशा आहे.

माप रुग्णाच्या देहाचे

विमानस्थानाच्या ८ व्या अध्यायात प्रमाण परीक्षा सांगताना देहाची मापे ज्याच्या-त्याच्या अंगुळाने घ्यावयास सांगितली आहेत. हेच तत्त्व आसनास लावावे. बाजारातील मेज साधारण ७५ सेंटीमीटर उंच व खुर्ची ४५ सेंटीमीटरच्या आसपास असते. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे गुडघ्यामागील खळगीपर्यंतचे माप मात्र सुमारे ३८ सेंटीमीटर भरते आणि योग्य खुर्चीत बसल्यावर तिचे कोपर जमिनीपासून साधारण ६० सेंटीमीटरवर येते. अशा मेजावर काम करताना तिला दिवसभर खांदे उचलून धरावे लागतात. तिच्या अंसशूलाचे कारण तिच्या देहात शोधण्यापूर्वी मेजाखाली पाहावे.

रुग्णास सांगावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. बसल्यावर कोपर व कामाचा पृष्ठभाग एका पातळीत असावेत. मेज खाली घेता येत नसेल तर बैठक उशीने उंच करावी आणि पायांखाली पाट किंवा लाकडी फळी द्यावी, म्हणजे तळवे अधांतरी राहणार नाहीत. खुर्चीची कड व गुडघ्याची खळगी यांत स्वतःची दोन-तीन अंगुळे जागा असावी. कमरेच्या पोकळीत टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवावी आणि पाठ किंचित मागे रेलू द्यावी. ताठ काटकोनाचा हट्ट नको. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत व अंतर साधारण हातभर असावे. लॅपटॉपमध्ये पडदा व कळफलक जोडलेले असल्याने एक योग्य उंचीवर आणला की दुसरा बिघडतो. म्हणून लॅपटॉप खोक्यावर उंच ठेवून कळफलक व माउस वेगळे घ्यावेत. वारंवार लागणाऱ्या वस्तू कोपर अंगाशी ठेवून हाती येतील इतक्या जवळ असाव्यात. दूरध्वनी कान व खांद्यात धरून बोलणे मन्यास्तंभाच्या रुग्णाने कटाक्षाने टाळावे.

जमिनीवर बसून होणाऱ्या कामांकडेही तितकेच लक्ष हवे. विडी वळताना सूप मांडीत असते, त्यामुळे मान सतत खाली झुकलेली राहते. भिंतीशी लोड, बुडाखाली दुमडलेली घोंगडी आणि सूप ठेवावयास पायांवरून बसेल असा बुटका चौरंग, एवढ्यानेही मानेचा झोक कमी होतो. पोळपाटासही हाच न्याय लागू पडतो. जुन्या पेढ्यांवर मुनीम गादीवर तक्क्याला टेकून, उतरत्या झाकणाच्या बैठ्या पेटीवर लिहीत असत. पाठीला आधार व डोळ्यांसमोर चढता पृष्ठभाग ही सोय आपल्याकडे अनोळखी नव्हती. मात्र गुडघ्याच्या संधिगतवाताच्या रुग्णास ‘भारतीय बैठक उत्तम’ म्हणून तासन् तास मांडी घालावयास लावू नये. जेवणापुरती मांडी घालणे वेगळे आणि आठ तासांची मजुरी वेगळी.

वेदनेच्या रुग्णाकरिता विशेष

निरोगी मनुष्याच्या आणि वेदनाग्रस्ताच्या मांडणीत एक महत्त्वाचा भेद आहे. निरोगी मनुष्य अवघडल्यावर उठतो. वेदनाग्रस्ताने अवघडण्यापूर्वी उठावयास हवे. रुग्णाकडून चार-पाच दिवस नोंद करवून घ्यावी, की बसल्यापासून किती मिनिटांनी वेदना वाढू लागते. ती मर्यादा चाळीस मिनिटे असेल तर तिसाव्या मिनिटास घड्याळाचा गजर लावावा, उठून दोन-तीन मिनिटे चालावे, मग पुन्हा बसावे. चांगल्या दिवशी सहा तास सलग काम उपसावयाचे व पुढचे दोन दिवस अंथरुणात काढावयाचे, हे चक्र बहुतेक जुनाट रुग्णांत आढळते; ते मोडणे हा उपचाराचाच भाग आहे. कामाच्या जागेशेजारी सतरंजी अंथरलेली असावी. मध्येच दहा मिनिटे आडवे होणे हा आळस नव्हे, हे कुटुंबीयांसमोर वैद्याने सांगितल्यास त्याचे वजन पडते. घरी काम करण्याचा हा एक मोठा लाभ आहे. कचेरीत तो मिळत नाही.

अन्य बाबी आपल्या शास्त्राच्या सरळ कक्षेतील आहेत. पंख्याचा वा वातानुकूलन यंत्राचा झोत मानेवर, पाठीवर येणार नाही अशी जागा निवडावी. स्थानिक अभ्यंग व शेक कामास बसण्यापूर्वी किंवा काम संपल्यावर करावा. शेक घेऊन लगेच गार झोतात बसू नये. दूरस्थ बैठका चालू असताना मूत्रवेग अडवून धरणारे रुग्ण कमी नाहीत. तेरा अधारणीय वेगांची आठवण त्यांना करून द्यावी.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की हे सुताराचे काम आहे, वैद्याचे नव्हे. त्यास वर दिलेला शास्त्राधार पुरेसा आहे. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे : अचूक बैठकीने वेदना जाते, यास पुरावा कितपत? अल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये कटिकशेरुकांच्या चकतीतील दाब मोजला व उभे राहण्यापेक्षा बसण्यात तो अधिक असल्याचे सांगितले. १९९९ मध्ये विल्के व सहकाऱ्यांच्या मापनात शिथिलपणे मागे टेकून बसल्यास तो तितका वाढत नसल्याचे दिसले. पुढे वाकण्यात तो वाढतो, याबाबत मात्र दोहोंचे एकमत आहे. सर्वांस लागू पडेल अशी एकच आदर्श बैठक सिद्ध झालेली नाही. म्हणून खुर्ची हे नवे रामबाण औषध म्हणून पुढे करणे चूक ठरेल. आपले म्हणणे इतकेच असावे, की आधार मिळावा, वाकणे कमी व्हावे आणि स्थिती वारंवार बदलता यावी. महागड्या खुर्चीत चार तास निश्चल बसण्यापेक्षा साध्या खुर्चीतून आठ वेळा उठणे हितावह होय.

येथे एक सावधगिरीचा इशारा आवश्यक आहे. मलमूत्रावरील नियंत्रण जाणे, गुदभागी बधिरता, पायातील वा हातातील बळ उत्तरोत्तर घटणे, वेदनेसोबत ज्वर वा अकारण वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही आढळल्यास मांडणी सुधारण्यात वेळ न दवडता रुग्णास तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधालयचालकांस

पुष्कळ रुग्ण आपल्यापर्यंत येत नाहीत. औषधालयातूनच तेलाची बाटली घेऊन जातात. तीच बाटली दर महिन्यास नेणारे गिऱ्हाईक व्यापाराच्या दृष्टीने उत्तम. परंतु ते बरे होत नाही, याचा तो पुरावाही असतो. अशा ग्राहकास ‘दिवसभर बसून काम कोणते करता?’ एवढे विचारावे. कमरपट्टा मागणाऱ्यास तो अहोरात्र बांधावयाचा नसतो, सतत आधार दिल्यास स्नायू सैल पडतात, हे सांगून मग द्यावा. ज्यावर घटकद्रव्यांचे लेबल नाही अशा ‘दुखण्याच्या पुड्या’ दुकानात ठेवू नयेत. तत्काळ गुण देणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत आणि त्याचा डाग साऱ्या आयुर्वेदावर पडतो. एखादी विक्री कमी होईल. विश्वास वाढेल, आणि औषधालय विश्वासावरच चालते.

विनंती

यासाठी मोठा खर्च नाही. रुग्णपत्रिकेत आसनाचा एक रकाना वाढवावा : बैठक कशाची, सलग किती वेळ, आधार कोठे, मान कोणत्या दिशेस. चिकित्सालयात शिंप्याची एक टेप ठेवावी. पुढील भेटीस येताना कामाच्या जागेचे, शक्यतो बाजूने काढलेले, एक छायाचित्र आणावयास सांगावे. आज बहुतेक घरांत ती सोय आहे. व्यवस्थापत्रावर औषध व पथ्य यांच्याखाली ‘आसन’ अशी तिसरी ओळ लिहावी आणि त्यात एका वेळी एकच बदल सुचवावा, म्हणजे कशाने गुण आला ते रुग्णासही कळेल व आपणासही. संघटनेच्या शाखांनी अशा नोंदी वर्षभर ठेवल्यास आपल्या अनुभवास आधार लाभेल.

जो रुग्ण वेदनेसह कमावतो आहे, त्याची कमाई थांबू न देता वेदना उणी करणे, हे आपले कर्तव्य आहे. त्याची सुरुवात तो बसतो त्या जागेपासून व्हावी, एवढीच नम्र विनंती.